टीव्हीतला समुद्र

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे डोळे जात होते आणि ते मला कळलं होतं. वेळेत कळलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी माझी बाजू घ्यायला नको. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ घेतला, भाषणं ऐकली, मोठमोठी झालेली मुलं पाया पडून गेली. मला मात्र सारखं वाटत होतं, आता कुणीतरी उठेल आणि त्या मुलीचं विचारेल. कुणी उठलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी सांगलीची, सासर-माहेर दोन्ही तिथलंच. नोकरी मिळाली ती आटपाडीच्या पलीकडं, म्हसवडकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत. सातवीपर्यंतची शाळा, कौलारू चार खोल्या. माझा मुलगा अडीच वर्षांचा, तो सांगलीत सासूबाईंकडं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एसटी धरायची, दोन गाड्या बदलून संध्याकाळी घर गाठायची आणि रविवारी दुपारी परत निघायची. एका शनिवारी मी दारात चपला काढत होते. पोरगं सासूबाईंच्या पदराआडून बघत म्हणालं, "आजी, त्या आल्या." सासूबाई हसल्या, नवरा हसला, मीही हसले. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सांगलीला बदली पाहिजे होती, बस्स.

आता टीव्हीचं सांगते. सरकारकडून शाळेला रंगीत टीव्ही आला होता. तो हेडगुरुजींच्या खोलीत, कपाटात, चादरीत गुंडाळून ठेवलेला. व्हीसीआर मात्र आसपासच्या दहा-बारा शाळांत मिळून एकच. तो मोटारसायकलवर, गोधडीत बांधून, या गावातून त्या गावात फिरायचा. जवळ यायचा म्हटला की पोरं आधी दोन दिवस सांगायची, "बाई, मशीन पुढच्या गावात आलंय."

हे सगळं चालवायचं कसं, ते शिकायला मला साताऱ्याला पाच दिवस प्रशिक्षणाला पाठवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. तिथं एक पद्धत शिकवली. कॅसेट आधी आवाजासकट दाखवायची. मग मागं नेऊन आवाज पूर्ण बंद करायचा आणि तीच चित्रं पुन्हा लावायची. आता मुलांनी सांगायचं, काय दिसतंय. मास्तरनं नुसतं विचारायचं, आणि उत्तर आलं की दर वेळी शाब्बास म्हणायचं. शिकवणारे म्हणाले होते, शाब्बास म्हणायला काही पडत नाही, म्हणून आपण ते म्हणत नाही. मी वहीत लिहून घेतलं आणि तेव्हापासून ती सवयच लागली. अजून भाजीवाल्यानं बरोबर वजन केलं तरी माझ्या तोंडून शाब्बास निघतं.

आमच्या वाट्याला जी कॅसेट आली ती समुद्राची. पाण्याची वाफ होते, ढग होतात, पाऊस पडतो, नद्या परत समुद्राला मिळतात, एवढाच पाठ. पण पहिल्यांदा लाट आली तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं पाय आखडून मागं सरकली. त्या पोरांनी पाण्याचा एवढा पसारा कधी बघितलाच नव्हता. गावातला पाझर तलाव मार्चला कोरडा पडायचा. एक जण म्हणाला, "बाई, पल्याडचा काठ कुठाय?" मी म्हटलं, दिसत नाही, लांब आहे. तर म्हणाला, "मग काठ हाय हे कुणी सांगितलं?" असले प्रश्न मला फळ्यावर खडू झिजवून कधी मिळाले नव्हते. पोरं तासभर आधी शाळेत यायला लागली. मला खरंच वाटलं, हे यंत्र या गावाचं काहीतरी भलं करून जाणार.

ती मुलगी सहावीत होती. बाप तिकडं दक्षिणेत, सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात. आमच्या त्या भागातले कितीतरी जण या गलाईच्या कामाला बाहेर असतात. वर्षातून एकदा जत्रेला यायचा. घरी आई, आजी आणि चुलता. पोर पाठांतराला एक नंबर. एकदा ऐकलं की डोक्यात बसलंच. पण लिहायचं म्हटलं की आनंदीआनंद. फळ्यावरचं उतरवून घ्यायची नाही, शेजारच्या मैत्रिणीला कुजबुजत विचारायची. मला वाटायचं, आळशी आहे. पुस्तक नाकाला लावून वाचायची. मी म्हणायची, "नाकात घालतेस का काय?" वर्ग हसायचा. बोलताना मान जरा तिरकी करून माझ्या कानाच्या बाजूला बघायची. मला ते उद्धट वाटायचं. एकदा त्याच्यावरून मी तिला पट्टीनं मारलंय. दोन्ही हातांवर.

आणि टीव्ही लावला की ती सरकत सरकत पार टेबलाला चिकटायची. मी दंडाला धरून मागं ओढायची. "मागं बस. इतक्या जवळून टीव्ही बघितला तर डोळे जातील." हे वाक्य मी तिला किती वेळा म्हटलं असेल, त्याची मोजदाद नाही. ती गुमान मागं जाऊन बसायची.

दिवाळीनंतर निरोप आला की सांगलीहून मोठे साहेब येणार, टीव्हीवरचा आदर्श पाठ बघायला. पाठ माझ्याच गळ्यात पडला, साताऱ्याला मीच जाऊन आले होते ना. आमचे केंद्रप्रमुख बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, बदल्यांचं साहेबांच्याच हातात आहे. पाठ चोख होऊ दे, तुमचं काम मी घालतो त्यांच्या कानावर." मला रात्रभर झोप नाही. पाठ चोख व्हायचा म्हणजे काय? पोरं काहीबाही विचारतील, काठ कुणी बघितला म्हणतील, साहेबांना वाटेल बाईंचा वर्गावर ताबा नाही. मग मी काय केलं असेल? साताऱ्यात शिकलेलं सगळं गुंडाळून ठेवलं आणि सात प्रश्न काढले, त्यांची सात उत्तरं काढली, शुद्ध पुस्तकी भाषेत, आणि पंधरा दिवस वर्गाकडून घोकून घेतली. टीव्ही बंद. मी समोर उभी. "आता काय दिसत आहे?" सगळा वर्ग एका सुरात, "समुद्राचे पाणी उन्हाने तापत आहे व त्याची वाफ वर जात आहे." शाब्बास. आणखी सांगून ठेवलं होतं, साहेबांपुढं पाळीनं एकेकानं उठायचं आणि काहीही झालं तरी मधे चकार शब्द काढायचा नाही.

सगळ्यांत आधी पाठ झालं ते त्या मुलीचं.

साहेब आले. खोली शेणानं सारवलेली, दाराला झेंडूचं तोरण. टेबलावर टीव्ही, शेजारी व्हीसीआर. हेडगुरुजींनी दोन्हींना हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला. आमच्याकडं नवी मोटर बसवली, नवा ट्रॅक्टर आणला तरी हेच करतात, त्यात वावगं काही नाही. पण शाळा समितीचे अध्यक्ष होते ते गावच्या देवाचे भक्त. त्यांनी कनवटीची पुडी सोडली आणि देवाचं नाव घेऊन मूठभर भंडारा मशीनवर उधळला. पिवळीधमक हळद. कॅसेट घालायचं झाकण मी नुकतंच उघडून ठेवलं होतं. हळद आत जाताना मी डोळ्यांनी बघितली. पण देवाच्या भंडाऱ्याला नको कोण म्हणणार? मी पदरानं वरवर पुसलं आणि कॅसेट आत सारली.

पाहुण्यांच्या खुर्च्या टीव्हीच्या बाजूला, मुलांकडं तोंड करून मांडलेल्या. साहेबांना पोरांचे चेहरे दिसायचे, पडदा नाही. पहिला खेळ आवाजासकट नीट झाला, जरा रेघा आल्या एवढंच. कॅसेट मागं नेली, आवाज बंद केला, पुन्हा लावली. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, उत्तरं बरोबर. तिसरा प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि पडद्यावर मुंग्या आल्या. तुम्हाला आठवत असतील त्या मुंग्या, काळ्यापांढऱ्या, सगळ्या पडद्याभर वळवळणाऱ्या. समुद्र गायब. आवाज बंदच होता, त्यामुळं बाजूला बसलेल्यांना काही कळायचं कारण नव्हतं.

ज्याची पाळी होती तो उठला आणि पडद्याकडं बघत उभा राहिला. "आता काय दिसत आहे?" मी पुन्हा विचारलं. तो गप्प. मी दुसरीकडं बोट केलं. तीही गप्प. पाठ होतं सगळ्यांना. पण समोर मुंग्या दिसत असताना समुद्र दिसतोय म्हणायला त्यांची जीभ रेटेना. केवढी खरी पोरं होती ती, आता वाटतं. तेव्हा मी फक्त साहेबांकडं बघितलं. साहेबांनी पायावरचा पाय काढून दुसरा पाय टाकला.

तेवढ्यात तिनं हात वर केला. उठली, मान तिरकी केली, आणि टीव्हीच्या उजेडाकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाली, "समुद्राचे पाणी उन्हाने तापत आहे व त्याची वाफ वर जात आहे."

सगळ्या वर्गानं माना वळवून तिच्याकडं बघितलं. कुणी हसलं नाही. तिच्या मैत्रिणीनं तिचा झगा हळूच ओढला. ती तशीच उभी, चेहऱ्यावर आनंद, आपलं बरोबर आलं याचा. आणि मला कळलं. पुस्तक नाकाला का, मान तिरकी का, फळा का उतरवत नाही, टेबलाला का चिकटते, सगळं त्या एका क्षणात माझ्यापुढं येऊन उभं राहिलं. पोरीला टीव्ही नुसता उजेड म्हणून दिसत होता.

तिथं थांबता आलं असतं. मशीन बिघडलं, साहेब, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं, "शाब्बास. आणि आता काय दिसत आहे?"

"वर गेलेल्या वाफेचे ढग बनत आहेत."

"शाब्बास. आता?"

उरलेले सगळे प्रश्न मी तिलाच विचारले. ढग, वारा, पाऊस, नदी, परत समुद्र. एकही शब्द इकडचा तिकडं नाही. मुंग्या वळवळत होत्या आणि ती पोर मला समुद्र सांगत होती. मैत्रिणीनं बोट वर केलं, काहीतरी सांगायला. मी तिच्याकडं असं बघितलं की तिनं ते खाली घेतलं. शेवटचं उत्तर आलं आणि मी चटकन टीव्ही बंद केला.

साहेब उठून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, खिशाचं पेन काढून तिला दिलं. शेरेबुकात लिहिलं की दृकश्राव्य साधनांचा वापर प्रभावी आहे आणि विद्यार्थिनीची निरीक्षणशक्ती वाखाणण्याजोगी आहे. निरीक्षणशक्ती. मी ते उभ्यानं वाचलं आणि मान डोलवली. चुलत्याला बोलावून साहेबांनी त्याच्यासमोर तिचं कौतुक केलं. तो अंगणात हात जोडून उभा होता.

गर्दी पांगल्यावर मी वर्गाला बजावलं, मुंग्यांचं घरी कुणी बोलायचं नाही, आणि तिला खोलीत बोलावलं. "तुला काय दिसलं होतं खरं सांग."

"उजेड दिसला, बाई."

"चित्र?"

"न्हाई. पर पाठ हुतं की."

कधीपासून, विचारलं. चौथीपासून, म्हणाली. आधी कडंचं दिसायचं बंद झालं, मग लांबचं. कधी कधी डोकं लय दुखतं, दिव्याभोवती गोल गोल रंग दिसतात. घरात सांगितलंस का, म्हटलं. तर एकदम माझा हात धरला तिनं. "बाई, घरात सांगू नगा. शाळंतनं काढत्याल. चुलता म्हणतो, पोरीला घरात काम शिकवा. तुमी सांगू नगा, बाई."

मला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. पोरीचं मन कसं मोडू, असं मी स्वतःला सांगितलं. खरं काय होतं? साहेबांनी ज्या पोरीला पेन दिलं तिला दिसतच नाही, हे बाहेर फुटलं असतं तर माझ्या आदर्श पाठाचे वाभाडे निघाले असते. बदलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. मी ठरवलं, ऑर्डर हातात पडू दे, मग तिच्या आईला सांगू, मिरजेला दाखवू, मीच घेऊन जाईन. आणि तिला म्हटलं, "बरं, मी नाही सांगत. पण तूही कुणाला सांगू नकोस हं, पडद्यावर काही नव्हतं ते."

ती म्हणाली, "न्हाई सांगत." मी म्हटलं, शाब्बास.

ऑर्डर मे महिन्यात आली. सुट्टी लागली होती, गाव उन्हानं ओस पडलेलं. सामान न्यायला गेले तेव्हा त्या मुलीच्या घराला कुलूप, आई तिला घेऊन माहेरी गेलेली. बरं झालं, असं माझ्या मनात आलं. हो, आलं. पत्र टाकू म्हटलं. सांगलीत आल्यावर मुलाचं आजारपण, नवी शाळा, सासूबाईंची कुरकुर, आज टाकू उद्या टाकू करत ते पत्र राहूनच गेलं. मुलगा मला आई म्हणायला लागला होता. मी सुखात होते.

दीड वर्षानं, शाळेची मधली सुट्टी चाललेली, शिपाई सांगत आला की बाहेर कुणी भेटायला आलंय. फाटकाशी बाईमाणूस उभी, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून ती. उंच झाली होती. डोळ्यांवर काळा चष्मा.

"आवं बाई, वळखलं का?" आई म्हणाली. "मिरजंच्या दवाखान्यात आलो हुतो. पोरगी म्हणली, बाईंना भेटल्याबगार गावाकडं जायाचं न्हाई. इचारत इचारत आलो."

मी त्यांना वर्गात नेऊन बसवलं. डॉक्टर काय म्हणाले, विचारलं. काचबिंदू म्हणाले, आई म्हणाली. पोरांनाबी होतो म्हणं. गेलेली नजर परत येत न्हाई, राहिल्याली राखता येती, पर आता राखायला काई राहिलं न्हाई. एक-दोन वरसं आधी आणली असती तर थेंबावर भागलं असतं, म्हणाले. ती हे असं सांगत होती की जणू शेजारच्या घरातलं आहे. तिचं रडून झालं असणार.

"आधी का नाही आणलं?" हे मी विचारलं. मी. माझ्या तोंडानं.

"आवं, पोरगी म्हणत हुती की. तुमी गेल्यावर दोन-चार म्हैन्यानं लय डोकं दुखाय लागलं तिचं, तवा म्हणली, आये, मला दिसत न्हाई. पर तिचा चुलता म्हणला, दिसत न्हाई तर एवढ्या मोठ्या सायबाम्होरं टीव्हीतलं समदं कसं सांगितलं? सायबानं पेन दिलंय. कामाचा कट्टाळा आलाय पोरीला, दुसरं काई न्हाई. मलाबी ते पटलं, बाई. म्या सोता मारलं तिला."

मी खिडकीकडं बघत होते. खाली मैदानात पोरं लगोरी खेळत होती. बोलायचं होतं. आत्ता बोल, असं मनात म्हणत होते, निदान आई स्वतःला दोष देते आहे तेवढा तरी उतरव. मी म्हटलं, "चहा घेणार का?"

चहा झाला. आई लेकीला म्हणाली, "बाईंना म्हणून दाखव की, अजून येतं का बघू." आणि ती पोर बाकावरून उठली, मान तिरकी केली नाही आता, सरळ उभी राहिली आणि सगळं म्हणून दाखवलं. तापणारं पाणी, वाफ, ढग, नद्या. एकही शब्द चुकला नाही. आई कौतुकानं बघत होती.

रिक्षात घालून मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेले. आटपाडीची गाडी लागली होती. आई जागा धरायला पुढं चढली. मी पोरीचा हात दांड्याला लावून दिला आणि पायरी दाखवली. तिनं माझ्याकडं तोंड वळवलं, जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, म्या अजून कुणाला सांगितलं न्हाई."

मी म्हटलं, "शाब्बास."